घरच्या टाकींतील समुद्रपुष्प

आजच्या माझ्या भाषणाचा विषय पुष्कळांस थोडा विचित्र वाटेल. समुद्रपुष्प नांवाचा एक समुद्रांतील प्राणी घरांत कांचेच्या टाकींत सुखरूप कसा ठेवावा, हें मला आपणांस सांगावयाचें आहे. आणि सांगणारा राहतो मुळशी तालुक्यांतील चांदे गांवीं, जेथून समुद्र पाहावयाचा तर सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. आमच्या मुळशीच्या धरणाचें पाणी पश्चिमेकडे वळवून भिऱ्याच्या वीजघरांत सोडलेलें आहे. तेथून तें कुंडलिका नदींत जातें व रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळतें. मुळशीचें पाणी अशा रीतीनें समुद्राकडे जातें; समुद्र मात्र घाट चढून आमच्याकडे येत नाहीं. तो आम्हांस घरींच तयार करावा लागतो, आणि एकदां तयार केला म्हणजे रोजच्या रोज संभाळावा लागतो. मी शास्त्रज्ञ नव्हें. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला व मुलें शिकवून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. परंतु गेलीं नऊ वर्षें मीं अशी एक टाकी संभाळली आहे, आणि त्या अनुभवानें मला एक गोष्ट पक्की पटली आहे. ती अशी कीं, समुद्रपुष्प ज्यास पाळावयाचें असेल त्यानें प्रथम पाणी पाळावयास शिकावें.

हा प्राणी आहे तरी कसा, तें आधीं पाहूं. नांवांत पुष्प असलें तरी हें फूल नव्हे. जेलीमासा व पोवळें ह्यांच्या कुळांतील हा प्राणी होय. त्यास हाड नाहीं, कवच नाहीं, मेंदू नाहीं, डोळे नाहींत. खालीं पायाची एक चकती असते, तिनें तो खडकास घट्ट धरून बसतो; मध्यें मऊ नळकांड्यासारखें अंग; वर तोंड, आणि तोंडाभोंवतीं हातांसारख्या लवचिक शुंडकांचें वर्तुळ. अन्न आंत घेण्यास व मळ बाहेर टाकण्यास तेंच एक द्वार. शुंडकांत सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होतांच त्यांतून विषारी तंतु बाणासारखे सुटतात. समुद्रपुष्पांच्या सुमारें एक हजार जाती आहेत; पैकीं अवघ्या दहाच्या आसपास जाती विदूषक माशांस आपल्या शुंडकांत आश्रय देतात. २००३ सालीं ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट निघाला, आणि तेव्हांपासून हें नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचें जोडपें मुलांच्या तोंडीं बसलें. घरोघरीं मागणी सुरू झाली ती प्रथम माशाची, आणि मग त्याच्या घराची, म्हणजे समुद्रपुष्पाची. येथेंच एक गोष्ट सांगून ठेवतों. टाकींतल्या विदूषक माशास समुद्रपुष्पावांचून कांहीं अडत नाहीं. तो त्याच्याविना वर्षानुवर्षें सुखानें नांदतो. तेव्हां माशाच्या सुखासाठीं म्हणून कोणी समुद्रपुष्प आणूं नये. आणावयाचें तर त्याच्या स्वतःसाठीं आणावें.

हा जीव किती काळ जगतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. स्कॉटलंडांत सर जॉन ग्रॅहम डॅलिएल नांवाचे एक निसर्गाभ्यासक होऊन गेले. त्यांनीं १८२८ सालीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून एडिंबरो येथें आपल्या घरीं कांचेच्या भांड्यांत ठेविलें. त्या काळीं ना विजेचा दिवा होता, ना पंप. समुद्राचें ताजें पाणी वारंवार आणून तें बदलीत राहणें, एवढाच काय तो उपचार होता. डॅलिएल १८५१ सालीं वारले. समुद्रपुष्प मात्र जिवंत होतें. तें एका जाणत्या माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं असें जात राहिलें. लोक त्यास कौतुकानें ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणूं लागले. शेवटीं १८८७ सालीं ही आजीबाई मरण पावली. म्हणजे माणसाच्या घरीं तिनें एकोणसाठ वर्षें काढलीं, आणि तीं काढली केवळ स्वच्छ पाण्याच्या बळावर. ह्या इतिहासांत आपणां गृहस्थांस दोन धडे आहेत. पहिला, कीं पाणी संभाळलें तर हा प्राणी संभाळणाराहूनही अधिक जगूं शकतो. दुसरा, कीं आपल्यामागें तो कोणाच्या हातीं द्यावयाचा ह्याचा विचार, निदान माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसानें, आरंभींच केला पाहिजे.

आतां ह्याच्या उलट एक उदाहरण. माझा एक विद्यार्थी हिंजवडीस नोकरी करतो. त्याच्या लहान मुलीनें हट्ट धरिला म्हणून त्यानें टाकी आणली, आणि तिसऱ्याच आठवड्यांत एक पांढरेंशुभ्र समुद्रपुष्प विकत आणून तींत सोडलें. दुकानदारानें तें फार सुंदर म्हणून दाखविलें होतें. बाराव्या दिवशीं तें विरघळलें, आणि त्या एका रात्रींत पाणी नासून दोन्ही मासेही गेले. मुलीनें त्यानंतर कित्येक दिवस त्या खोलींत पाऊल टाकलें नाहीं. बाप पैशांस हळहळला नाहीं. आपण एक जीव घरीं आणून मारला, ह्याची त्यास टोचणी लागली. चूक कोठें झाली, तें तपासून पाहिलें म्हणजे ह्या विद्येचीं बहुतेक सर्व सूत्रें हातीं लागतात.

पहिलें सूत्र पाण्याचें. नळाच्या पाण्यांत मीठ कालवलें म्हणजे समुद्र झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकीं आपलें खाण्याचें मीठ सुमारें २७ ग्रॅम. उरलेल्या भागांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार असे अनेक पदार्थ असतात. पेण-उरणकडील मिठागरांत ऊन पाणी आटवितें, तेव्हां मिठाचे खडे आधीं खालीं बसतात आणि हे बाकीचे क्षार पुष्कळसे वरच्या कडवट पाण्यांत राहून जातात. म्हणून मिठागराचें खडेमीठदेखील येथें उपयोगी नाहीं. सागरी टाकीसाठीं जें तयार मिश्रण मिळतें तेंच घ्यावें. २०० लिटरांच्या टाकीस तें सुमारें सात किलो लागतें. आणि तें मिसळावयाचें पाणीही शुद्ध हवें. आर. ओ. यंत्रांतून काढलेलें व शक्य तर पुढें आणखी क्षार काढून घेतलेलें पाणी उत्तम, टी. डी. एस. मापकाचा आंकडा शून्याच्या जवळ असावा. खारटपणा जिभेनें नव्हे, रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या लहान दुर्बिणीसारख्या उपकरणानें मोजावा. विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास ठेवावें.

ह्याच ठिकाणीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. टाकींतून वाफ होऊन जातें तें निव्वळ पाणी. मीठ मागें राहतें. म्हणून पातळी उतरली म्हणजे खारें पाणी घालूं नये, शुद्ध गोडें पाणीच घालावें, आणि तें रोज थोडें थोडें. चार दिवसांचें एकदम ओतल्यास खारटपणास धक्का बसतो. ह्याशिवाय आठवड्यास टाकीचा दहावा भाग, म्हणजे २०० लिटरांतील २० लिटर, जुनें पाणी काढून त्या जागीं आदल्या दिवशीं तयार करून ठेवलेलें खारें पाणी भरावें. डॅलिएलसाहेब समुद्राकडून जें करवून घेत, तेंच हें.

दुसरें सूत्र धीराचें. दुधास विरजण लावून आपण रात्रभर वाट पाहतों. घाई केली तर दही होत नाहीं. टाकींतही असेंच एक विरजण लागावें लागतें. प्राण्यांच्या मळापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो, व तो विष आहे. एका जातीचे जीवाणू त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळ सौम्य असतें व पाणी बदलल्यानें कमी होतें. हे जीवाणू दगडांवर व वाळूंत वस्ती करण्यास चार-सहा आठवडे घेतात. तेवढ्यानें मासा राहूं शकेल; समुद्रपुष्पास मात्र निदान सहा महिने मुरलेली टाकी हवी. अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट दर लिटरीं दहा मिलिग्रॅमच्या आंत, आणि आम्लता-अल्कता दाखविणारा पी. एच. चा आंकडा ८·१ ते ८·३, असें कित्येक आठवडे सतत दिसलें म्हणजे मग आमंत्रण द्यावें. माझ्या विद्यार्थ्याच्या टाकीस तीन आठवडेच झाले होते. त्याचें विरजण अजून लागलेंच नव्हतें.

तिसरें सूत्र प्रकाशाचें. यजमान समुद्रपुष्पांच्या अंगांत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा आपल्या घरमालकास देतें. समुद्रपुष्पाचा तपकिरी किंवा हिरवट रंग बव्हंशीं ह्या भाडेकरूंमुळें असतो. जें पांढरेंशुभ्र दिसतें त्यानें हे भाडेकरू गमावलेले असतात, म्हणजे तें अर्धपोटीं आहे असें समजावें. भडक पिवळे किंवा जांभळे दिसणारे कित्येक तर रंगांत बुडविलेले असतात. तेव्हां दुकानांत सर्वांत पांढरें तें सर्वांत सुंदर मानूं नये. घरीं सागरी टाकीसाठीं मिळणारे प्रखर एल्. ई. डी. दिवे रोज आठ ते दहा तास, ठराविक वेळीं लावावे. नवीन पाहुण्यास मात्र मंद प्रकाशापासून हळूहळू वाढवीत न्यावें.

उष्णतेचेंही तसेंच. पाणी २५-२६ अंशांवर स्थिर असावें. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत दुपार तापते आणि पौषांत रात्र गारठते. उन्हाळ्यांत पाण्यावर लहान पंखा सोडल्यास माठांतल्यासारखेंच बाष्पीभवन होऊन पाणी दोन-तीन अंशांनीं उतरतें. अर्थात त्या दिवसांत गोड्या पाण्याची भरही अधिक घालावी लागते. हिवाळ्यांत तापकनळी हवी, व तिच्यावर प्लास्टिकची जाळी हवी. कारण समुद्रपुष्प बसल्या जागीं सदैव राहत नाहीं. जागा न आवडल्यास तें पाय सोडून सरकत निघतें, आणि उघडी तापकनळी किंवा पंपाचें तोंड वाटेंत आलें तर भाजून अथवा कापलें जाऊन मरतें. पंपाच्या तोंडास स्पंज बांधणें हें म्हणूनच ऐच्छिक नव्हे. तें एकदां खडकाच्या फटींत बसलें कीं आपल्याला सोयीच्या जागीं आणण्यासाठीं त्यास ओढूं नये. पाय फाटला तर तें क्वचितच वांचतें.

भोजनाविषयीं थोडेंसें. शैवालाचें अन्न असलें तरी आठवड्यास एकदां-दोनदां वरचें अन्न द्यावें. ताज्या सोललेल्या कोळंबीचा किंवा माशाचा, हळद-मीठ न लावलेला, नखाएवढा तुकडा चिमट्यानें शुंडकांवर ठेवावा. तें त्यास हळूहळू तोंडाकडे नेतें. मोठा तुकडा दिल्यास दुसऱ्या दिवशीं अर्धवट ओकून टाकतें व पाणी नासतें. पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं पुनः पुनः भरविण्याचा मोह टाळावा.

आतां आपल्या महाराष्ट्रीय घरांस विशेष लागू असलेली एक सूचना. तांबें आपणांस पवित्र व आरोग्यदायक. समुद्रपुष्पास मात्र तें अगदीं थोडें झालें तरी घातक. टाकीच्या कामास तांब्यापितळेचा हंडा, कळशी वा तपेलें कधींही वापरूं नये. पिण्याच्या पाण्याच्या कांहीं यंत्रांत हल्लीं मुद्दाम तांबें मिसळण्याची नळी बसविलेली असते. त्यांतलें पाणी येथें चालत नाहीं. माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषधें मिळतात, तींही ह्या टाकींत घालूं नयेत. साबण, अत्तर किंवा डास हाकलण्याचें मलम लागलेला हात पाण्यांत घालूं नये, आणि त्या खोलींत किडे मारण्याचा फवारा मारूं नये. पाण्यांत हात घातल्यावर तो धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नये, हें आपल्या हितासाठीं.

प्रकृति ओळखावी कशी? निरोगी समुद्रपुष्पाचें तोंड घट्ट मिटलेलें असतें, शुंडकें फुगलेलीं व चिकट असतात, आणि पाय खडकास पक्का असतो. दिवसांतून एखादे वेळीं तें आक्रसून लहान होतें व मळ टाकून पुन्हा फुलतें. त्यानें घाबरूं नये. परंतु तोंड आ वासलेलें, अंग ढिलें, पाय सुटून पाण्याबरोबर वाहत जाणें, आणि कुजका वास, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर आशा सोडावी व तें त्या क्षणीं बाहेर काढावें. एका मेलेल्या समुद्रपुष्पानें सबंध टाकी जाते. काय बिघडलें हें न कळल्यास औषध शोधीत बसूं नये. पाणी मोजावें व पाणी बदलावें.

पावसाळ्यांत आमच्या मुळशीकडे वीज जाणें नवलाचें नाहीं. पंप बंद पडले कीं पाण्यांतील प्राणवायु कमी होऊं लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप ज्येष्ठ लागण्यापूर्वींच घरांत आणून ठेवावा, आणि तो कोठें आहे व कसा लावावा हें घरांतील निदान दोघां माणसांस ठाऊक असावें. परगांवीं जातांना रोजच्या भरीचें पाणी बाटल्यांत मोजून, त्यांवर वार लिहून ठेवावे. शेजारी कितीही हौशी असला तरी अन्न त्याच्या हातीं देऊं नये. आठवडाभर न खाल्ल्यानें समुद्रपुष्प मरत नाहीं, अति खाऊ घातल्यानें टाकी मरते.

आणि आतां शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा प्राणी आणावयाचा कोठून? फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गाभ्यासकाचें ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक १८५४ सालीं निघालें व घरोघरीं सागरी टाक्यांचें वेड पसरलें. त्या वेडापायीं लोकांनीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांमधलीं सुंदर तळीं ओरबाडून ओसाड केलीं, असें गॉसच्याच पुत्रानें, एडमंड गॉस ह्यानें, १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत दुःखानें नमूद केलें आहे. ज्यानें प्रेम करावयास शिकविलें, त्याच्याच वाचकांनीं तें प्रेमपात्र लुटलें. आपल्याकडे तसें होऊं नये. किनाऱ्यावरून समुद्रपुष्प उपटून आणूं नये. पोवळें तर २००१ सालापासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे. त्याचा तुकडाही उचलूं नये व विकतही घेऊं नये. मालवणच्या समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून राखला गेला, तो अशाच हेतूनें. समुद्रपुष्पांत ‘बबल-टिप’ नांवाची एक जात आहे. ती त्यांतल्या त्यांत काटक, आणि टाकींत सुखावली म्हणजे आपण होऊन दुभंगून एकाचीं दोन होते. दुसऱ्या एखाद्या पाळणाराकडे अशा रीतीनें झालेलें पिल्लूच मागून घ्यावें. त्यास टाक्यांतल्या पाण्याची सवय असते, आणि समुद्राचें कांहीं उणें होत नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें पुढें तसेंच केलें. रिकामी टाकी त्यानें आठ महिने नुसती पाणी बदलीत चालविली. मुलगी दर रविवारीं नळींत थेंब टाकून अमोनिया मोजी व वहींत आंकडा लिही. त्यानंतर एका ओळखीच्या पाळणाराकडून त्यांनीं एक लहानसें बबल-टिप आणलें. त्यास पांच वर्षें झालीं. तें दोनदां दुभंगलें, आणि त्यांतलें एक आज माझ्या टाकींत आहे. माझ्यामागें तें परत त्या मुलीच्या स्वाधीन व्हावयाचें, असें आमचें ठरलें आहे. ती वहीही तिच्याकडे अजून चालू आहे.

ज्यांस एवढी खटपट शक्य नाहीं त्यांनीं मुळींच खंत करूं नये. अमावास्येस किंवा पौर्णिमेस सकाळीं अथवा संध्याकाळीं सहाच्या सुमारास मुंबईस मोठी ओहोटी असते. त्या वेळीं हाजी अलीच्या किंवा वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांवर जावें. तेथील समुद्रजीवन लोकांस दाखविण्यासाठीं ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ सालीं सुरू झाला, त्याच्या जाणत्या मंडळींबरोबर जावें हें अधिक चांगलें. पाऊल जपून टाकावें, दगड उलटल्यास पुन्हा तसाच ठेवावा, आणि मुलांस सांगावें कीं हात मागें बांधून पाहा. गुडघाभर पाण्याच्या डबक्यांत समुद्रपुष्प फुललेलें दिसेल. तेथें पाणी बदलण्याचें काम दिवसांतून दोनदां भरती करीत असते. घरांत समुद्रपुष्प ठेवणारानें तेंच काम नेमानें, वर्षानुवर्षें, आपल्या हातांनीं करण्याची तयारी ठेवावी. ती असेल तर अवश्य टाकी आणावी; नसेल तर ओहोटीचें पंचांग जवळ ठेवावें.